पाटीवर २४ तास, आत डॉक्टर नाही : आमच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ, वैद्यकीय संचालक आणि ऑपरेशन्स विभाग
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या परिच्छेदातच कळेल.)

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून आपल्या प्राण्यांच्या दवाखान्यांच्या सगळ्या शाखांच्या ग्रुपवर एक परिपत्रक आलं. मजकूर मोजका होता. मुख्य शाखा सोडून बाकी सगळीकडे रात्रपाळीचा डॉक्टर बंद. रात्री दहा ते सकाळी आठ दाखल पेशंट ‘प्रशिक्षित स्टाफ’ सांभाळेल आणि गरज पडलीच तर ऑन-कॉल डॉक्टर व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करतील. कारण दिलं होतं ‘रात्रीच्या केसेसचं अल्प प्रमाण’. दारावरची ‘२४ तास सेवा’ ही पाटी मात्र जिथल्या तिथे आहे. उलट तिचे गेलेले दिवे परवाच बदलून घेतले.

यावर मी आधी आत बोलले. ब्रँच मॅनेजरशी तोंडी, मग एचआरला लेखी. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं आणि विषय तिथेच संपला. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ते तुमच्या नावाने आहे, पण त्या मालकांनीही वाचावं, जे रात्री साडेनऊला आजारी कुत्रं किंवा मांजर आमच्याकडे ठेवतात, काउंटरवर डिपॉझिट भरतात आणि आत डॉक्टर आहे या समजुतीत घरी जाऊन झोपतात.

थोडं माझ्याबद्दल. मी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातली. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कासदाहाच्या गायी, अडलेल्या म्हशी, लाळ्या-खुरकूताचे कॅम्प, सगळं केलं आणि मग पुण्यात लहान प्राण्यांच्या प्रॅक्टिसमध्ये आले. गावाकडे आजीला अजून वाटतं की पोरीला म्हशींची डॉक्टर होता आलं नाही म्हणून ती कुत्र्यांची झाली. असो.

कंपनीबद्दल मला आकस नाही, हेही आधीच सांगते. इथे यायच्या आधी मी एका खोलीच्या दवाखान्यात काम केलं आहे. तिथे टेबल एकच, त्यावरच तपासणी आणि त्यावरच टाके. झायलाझिन-केटामाइन ही भुलीची औषधं टोचून ऑपरेशन करायचं आणि कुत्रं शुद्धीवर येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. तुमच्याकडे गॅस ॲनेस्थेशिया आहे, डिजिटल एक्स-रे आहे, रक्ताचा रिपोर्ट अर्ध्या तासात हातात येतो, पगार सात तारखेच्या आत होतो. साखळी दवाखान्यांनी शहरातल्या प्राण्यांच्या उपचारांचा दर्जा वर नेला, हे मी कुठेही मान्य करीन. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. यंत्रं आणताना हात मोकळा सोडलात आणि ती चालवणाऱ्या माणसांच्या पाळ्यांवर मात्र कात्री चालवलीत.

आता रात्रीचं बघू.

पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार, झालेलं तीन महिन्यांचं पिल्लू दाखल आहे असं धरा. पावसाळ्याच्या आगेमागे आमच्याकडे असं एखादं पिल्लू असतंच. रक्ताचे जुलाब, उलट्या, अंग थंड. पायाला आयव्ही लाइन, सलाईन चालू. रात्री एक वाजता बाटलीतून थेंब पडताना दिसतो, म्हणून बाहेरून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात कॅथेटर शिरेतून सरकलेलं असतं आणि सलाईन कातडीखाली साठत जातं. पायाची बोटं फुगून एकमेकांपासून फाकलेली दिसतात. हे ओळखायला नजर लागते आणि ओळखल्यावर कोरड्या पडलेल्या पिल्लाच्या दोऱ्याएवढ्या शिरेत नवी लाइन टाकायला हात लागतो. तोपर्यंत साखर उतरलेली असू शकते, पोटॅशियम उतरलेलं असू शकतं. सकाळी आठला डॉक्टर येतो तेव्हा बाटली रिकामी असते, चार्टवर ‘सलाईन दिले’ अशी बरोबर नोंद असते आणि पिल्लू गेलेलं असतं.

किंवा जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारखं मोठं कुत्रं. रात्रीचं जेवण झालं आणि पोट फुगायला लागलं. ओकारीचा उमाळा येतो पण बाहेर काही पडत नाही, तोंडातून लाळ, कुठे बसवत नाही. जठर फुगून स्वतःभोवती पिळलं गेलेलं असतं. यात तास मोजून चालत नाही. जठरातली हवा नळीने किंवा सुईने काढायची, जोडीला सलाईन जोरात, आणि लगेच ऑपरेशन. आमची पाटी बघून मालक कर्वेनगरहून, वाकडहून गाडी हाणत येतो. दार उघडणारा मुलगा त्याला सांगतो, “सर, डॉक्टर व्हिडिओवर आहेत.” लघवी तुंबलेला बोका आला तर तेच. रक्तातलं पोटॅशियम चढून त्याचं हृदय कधी थांबेल याचा नेम नसतो, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून मूत्राशय मोकळं करता येत नाही.

अशा एका कॉलच्या दुसऱ्या टोकाला मी होते. पहाटेचे अडीच. पलीकडे अटेंडंट, वय तेवीस-चोवीस, बारावी शिकलेला, कामाला चोख, प्राण्यांवर जीव असलेला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कुत्रीचं तोंड धरलेलं. मी सांगते आहे, “हिरडी बोटाने दाब, सोड, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघ.” तो म्हणतो, “मॅडम, ट्यूबलाइटमध्ये नीट कळत नाय, पांढरीच दिसतीय.” मग, “मांडीच्या आत बोटं ठेव, नाडी लागते का?” “लागतीय बहुतेक. की माझीच लागतीय?” शेवटी मी गाडी काढून गेले. रस्ता मोकळा होता आणि मी फार लांब राहत नाही म्हणून ते जमलं. मराठीत याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. तुमच्या परिपत्रकात ‘टेली-सपोर्ट’ म्हटलं आहे.

कायद्याची बाजू तुमच्या विधी विभागाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. किरकोळ सेवांची मुभा राज्य शासन पदविका-प्रमाणपत्रधारकांना देऊ शकतं, तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. आमच्या अटेंडंटकडे ना पदविका ना प्रमाणपत्र. तुमचं ‘प्रशिक्षण’ म्हणजे दोन दिवसांचं ओरिएंटेशन; त्यातला निम्मा वेळ गणवेश, हजेरीचं ॲप आणि ग्राहकाशी हसून कसं बोलावं यात जातो. त्या मुलाने माझ्या सांगण्यावरून रात्री इंजेक्शन दिलं आणि कुत्री दगावली, तर पोलिसांसमोर आणि मालकासमोर उभा राहणार तो. नोंदणी धोक्यात येणार माझी. व्यावसायिक आचरणाचे १९९२ चे नियम डॉक्टरला बांधतात, आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असतं ते डॉक्टरचं. रात्रीचा डॉक्टर काढून टाकायचा निर्णय घेणाऱ्याचं नाव त्या वहीत शोधून सापडणार नाही.

आणि औषधांच्या कपाटाची किल्ली? केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं औषध आहे. कुलपात ठेवायचं, प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब लिहायचा. झटके थांबवायची इंजेक्शनंही आमच्याकडे त्याच कपाटात असतात. रात्री किल्ली अटेंडंटकडे ठेवली तर ते चूक, आणि माझ्या घरी ठेवली तर सलग झटके येणाऱ्या कुत्र्याला औषध मिळणार सकाळी. परिपत्रक लिहिताना हा प्रश्न कुणाला पडला नाही, यावरूनच ते लिहिणाऱ्यांमध्ये पशुवैद्यक किती होते याचा अंदाज येतो.

हे झालं रात्रीचं. पण रात्रीचा कॉल घेणारी डॉक्टर सकाळी नऊला ओपीडीत असते आणि अकराला ऑपरेशनला उभी असते, म्हणून दिवसही याच तक्रारीत येतो.

करारात पाळी नऊ तासांची आहे. प्रत्यक्षात शेवटचा पेशंट गेल्यावर केस पेपर ॲपमध्ये भरायचे, उद्याच्या अपॉइंटमेंटवाल्यांना फोन करायचे, वाईट रिव्ह्यू देणाऱ्याला ‘समजवायचं’. जेवणाची सुट्टी रोस्टरवर छापलेली असते, डबा मात्र फार्मसीच्या मागे उभ्याने खाल्ला जातो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘फक्त दोन तास येऊन जा’. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिला आहे. आमच्या पगारपत्रकावर त्यासाठी रकानाच नाही. रात्रीच्या कॉलचं मानधन शून्य, कारण तुमच्या मते फोनवर बोलणं म्हणजे काम नव्हे.

थकलेल्या माणसाच्या हातात भूल देण्याचं काम देऊ नये, हे आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा शिकवलं गेलं आणि तुमच्याकडे पहिल्यांदा विसरायला लावलं गेलं. बऱ्याच शाखांत ऑपरेशन करणारी आणि भूल सांभाळणारी एकच डॉक्टर असते. मॉनिटरकडे बघायला एक अटेंडंट उभा असतो. बाहेर नखं कापायला आलेला लॅब्राडॉर आवरत नाही म्हणून त्यालाही हाक येते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं खरं संकट ऑपरेशन संपल्यावर सुरू होतं. घशातली नळी तो स्वतः चघळायला लागेपर्यंत, मान उचलेपर्यंत काढायची नाही. काढल्यावरही कुणीतरी त्याच्याशेजारी बसायचं, मान सरळ, जीभ बाहेर, डोळा त्याच्या छातीवर. त्या वीस-पंचवीस मिनिटांत बिलात एक रुपयाची भर पडत नाही. म्हणून तुमच्या ‘प्रति तास उत्पादकते’च्या तक्त्यात ती मिनिटं वाया गेलेली दिसतात, आणि मला पुढचा पेशंट घ्यायला बोलावलं जातं. मी जात नाही. मग माझ्या नावापुढे लाल खूण होते. ती राहू द्या.

याच ऑपरेशन थिएटरमध्ये वापरलेला भुलीचा गॅस बाहेर नेणारी नळी महिनोन्‌महिने निसटलेली आहे. सगळा आयसोफ्लुरेन आम्हीच ओढतो. एका गरोदर सहकारी डॉक्टरने दुरुस्ती होईपर्यंत ऑपरेशन न देण्याची विनंती केली, तर तिला दुसऱ्या शाखेत ‘कमी जबाबदारीच्या’ आणि कमी इन्सेंटिव्हच्या जागी पाठवलं. नळी अजून निसटलेलीच आहे.

इन्सेंटिव्हचा विषय निघालाच आहे तर टार्गेटबद्दल. रोज सकाळी ग्रुपवर तक्ता येतो. प्रत्येक डॉक्टरचं कालचं ‘सरासरी बिल’, पहिल्या तिघांना टाळ्यांची इमोजी, शेवटच्या दोघांना ‘कनेक्ट करू या’. अमुक इतके वेलनेस पॅकेज, तमुक इतकी रक्ततपासणी, महिन्यातून एकदा नसबंदीची ‘ऑफर’, आणि त्या आठवड्यात एका दिवसात जितकी जमतील तितकी.

इथे मालकांना एक सांगितलं पाहिजे. डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं म्हणजे तो लुबाडतो आहे, असं नव्हे. आपल्याकडे गोचीड तापाने प्लेटलेट्स किती खाली गेल्यात हे नुसतं बघून कळत नाही, आणि सात वर्षांच्या कुत्रीची पिशवी काढण्याआधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट न बघणारा डॉक्टर बेफिकीर म्हणायचा. अडचण अशी की तक्ता लावल्यावर माझी खरी सूचनासुद्धा विकाऊ वाटायला लागते. परवा एका काकांनी मला समोरच विचारलं, “ही टेस्ट कुत्र्याला हवीय की तुमच्या कंपनीला?” टेस्ट कुत्र्यालाच हवी होती. त्यांनी केली नाही. त्यांना दोष देऊन काय करू?

हा रस्ता कुठे जातो ते बघायचं तर ब्रिटनकडे बघा. तिथे २०१३ च्या सुमारास मोठ्या साखळ्यांकडे दहा टक्के दवाखाने होते. दहाच वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. किमतींबद्दल लोकांची ओरड इतकी वाढली की तिथल्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने २०२३ मध्ये आढावा आणि २०२४ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. आपल्याकडे अजून साखळ्या नव्या आहेत, सवयी बदलता येतील. आणि मोठी संस्था म्हणजे वाईट संस्था असंही नाही. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सनी २०२४ मध्ये सुमारे १६५ कोटी खर्चून पाळीव प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय उभं केलं. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाची परंपरा तर एकोणिसाव्या शतकातली. प्राण्यांची आंतररुग्ण सेवा ही काही तुम्ही लावलेला शोध नाही, तेव्हा ‘या क्षेत्रात मापदंडच नाहीत’ हे तुमच्या टाउनहॉल बैठकीतलं वाक्य मला पटलेलं नाही.

सगळ्यात खालच्या माणसांबद्दल आता. अटेंडंट, ग्रूमर, सफाईच्या मावशी. बहुतेक एजन्सीमार्फत, म्हणून त्यांचा प्रश्न निघाला की तुम्ही एजन्सीकडे बोट दाखवता आणि एजन्सी तुमच्याकडे.

एक प्रसंग सांगते. एक मालक कुत्रं घेऊन आले. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा. “घशात हाड अडकलंय,” ते म्हणाले. मी दुसऱ्या पेशंटवर होते, ते आटोपेपर्यंत आमच्या मुलाने मदत म्हणून तोंड उघडून हात आत घातला होता. पशुवैद्यकाला हे चित्र बघून घाम फुटतो, कारण रेबीजचा एक प्रकार अगदी असाच दिसतो: कुत्रं चावत सुटत नाही, जबडा लुळा पडतो आणि घरच्यांना वाटतं हाड अडकलं. हाड नव्हतं. ते कुत्रं तीन दिवसांत गेलं. मुलाच्या हातावर ओरखडे होते. रेबीजची लस चाव्याच्या आधीही घेता येते, आणि रोज अनोळखी कुत्र्यांच्या तोंडाशी हात नेणाऱ्या माणसाला ती आधीच दिलेली असली पाहिजे. त्याला दिलेली नव्हती. आमच्या फ्रिजमध्ये कुत्र्यांसाठीच्या रेबीज लसीचा साठा असतो, त्याचंही टार्गेट असतं. माणसांच्या लसीसाठी तो महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभा राहिला: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस दिवसांचे डोस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. रांगेत गेलेल्या दिवसांचा पगार कापला. ती रक्कम इथे लिहायलाही मला लाज वाटते.

एक्स-रेच्या खोलीतही हीच माणसं कुत्र्याचे पाय ताणून धरतात. शिशाचा एप्रन एक, माणसं दोन. गळ्याचं संरक्षण नाहीच. किरणोत्सर्ग मोजायचे टीएलडी बॅज खुंटीला लटकलेले आहेत, त्यातले दोन नोकरी सोडून गेलेल्या डॉक्टरांच्या नावाचे. सुया कापायचं यंत्र बिघडलं की सुया साध्या डब्यात जातात आणि मावशींच्या बोटात शिरतात. २०१६ चे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत.

पार्व्होच्या पेशंटसाठी वेगळी खोली ब्रोशरमध्ये आहे. आमच्या शाखेत त्या खोलीत खाद्याच्या गोण्या आहेत आणि पार्व्होचा पिंजरा बोर्डिंगला जाणाऱ्या बोळात. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाईलला तो भीक घालत नाही, ब्लीच लागतं. पोछा एकच, बादली एकच. सुट्टीसाठी गोव्याला जाताना लोक धडधाकट पिल्लं बोर्डिंगला सोडून जातात, त्याच बोळातून.

या सगळ्यावर कडी म्हणजे मागच्या आठवड्यातला मेल. ‘स्टाफिंगविषयीची अंतर्गत माहिती ग्राहकांना देऊ नये.’ सोबत बाँडची आठवण, नोटीस पिरियडची आठवण. मालकाने मला सरळ विचारलं, “डॉक्टर, रात्री इथे कोण असतं?” तर मी काय उत्तर द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे? मी खरंच सांगणार आहे. आत्तापर्यंतही सांगत आले आहे, आणि काही मालक पेशंट घेऊन दुसरीकडे गेले. तुमच्या तक्त्यात तो माझा ‘लॉस्ट केस’ म्हणून लागला आहे.

म्हणून मालकांना विनंती: कुठल्याही दवाखान्यात, आमच्या किंवा दुसऱ्या, प्राणी रात्री ठेवण्याआधी विचारा. रात्री डॉक्टर इमारतीत आहे का? त्यांचं नाव काय? ऑपरेशनमध्ये भूल कोण बघणार? संसर्गाचे पेशंट कुठे ठेवता, दाखवा. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर त्यातून जे समजायचं ते समजा. मात्र काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नका, पाळ्या ती ठरवत नाही.

आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेला: कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे आणि पेट शॉपसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत. प्राणी रात्रभर ठेवून घेणाऱ्या दवाखान्यांत किमान किती नोंदणीकृत डॉक्टर हजर हवेत, याचा स्पष्ट दंडक करण्यासाठी परिषदेने शासनाकडे आग्रह धरावा. आमच्यातल्या कुणी तक्रार केली तर ती करणाऱ्याची नोकरी जाणार नाही, एवढंही बघावं.

व्यवस्थापनाकडे मागण्या:

१. ज्या शाखेत एक जरी पेशंट दाखल असेल तिथे रात्रभर नोंदणीकृत पशुवैद्यक हजर हवा. ते परवडत नसेल तर त्या शाखेचा आंतररुग्ण विभाग बंद करा, संध्याकाळी पेशंट मुख्य शाखेत हलवा, अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च कंपनीने करावा, आणि ‘२४ तास’ची पाटी उतरवा. हे होईपर्यंत संमतिपत्रावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा: ‘रात्री १० ते सकाळी ८ या वेळेत येथे डॉक्टर नसतात.’ मालकाची सही त्याखाली घ्या. बघू किती जण करतात.

२. भूल सांभाळायला वेगळा डॉक्टर नसेल तर ठरवून करायची ऑपरेशनं त्या दिवशी होणार नाहीत. प्राणी शुद्धीवर येईपर्यंतचा वेळ कामाचा वेळ धरावा.

३. रात्री कॉलवर असलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी नको. कॉलचे पैसे, जादा कामाचे दुप्पट पैसे, आणि सुट्टीच्या दिवशी फोन नको.

४. सरासरी बिलाचा तक्ता आणि त्यावर बेतलेला इन्सेंटिव्ह बंद.

५. एजन्सीचे असोत की आपले, प्रत्येक अटेंडंट, ग्रूमर आणि सफाई कर्मचाऱ्याला रेबीजची लस कंपनीच्या खर्चाने, कामावर घेतानाच. पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येकाला ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड. एप्रन, चालू बॅज, सुया कापायचं यंत्र. त्या मुलाचा कापलेला पगार याच महिन्यात परत.

६. गॅसची नळी. ही मागणी म्हणून लिहावी लागते आहे.

७. गोण्या हलवा, पार्व्होची खोली रिकामी करा, तिला वेगळा पोछा, वेगळी भांडी, वेगळा माणूस द्या.

८. ग्राहकांशी न बोलण्याचा मेल लेखी मागे घ्या.

मी राजीनामा दिलेला नाही आणि देणारही नाही. तुम्हाला पाठवलेल्या प्रतीवर माझं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक आहे. उत्तर लेखी द्या आणि सगळ्या शाखांच्या ग्रुपवर टाका, जिथे परिपत्रक टाकलं होतं तिथेच. येत्या गुरुवारी रात्री आमच्या शाखेची ऑन-कॉल डॉक्टर मी आहे. सध्या चार पेशंट दाखल आहेत, त्यातले दोन सलाईनवर. गुरुवारी रात्री दहानंतर शाखेत कोण डॉक्टर असेल, ते बुधवारच्या आत कळवावे.

आपली,
तुमच्याच एका शाखेतली पशुवैद्यक, पुणे